कार्डात सगळे आहेत, तू कुठंयस?

पत्र:

ताई, मी सेलू तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय २९, बी.ए. झालंय. घरात सासू-सासरे, मालक, दोन लेकरं. दीर पुण्याला कंपनीत. चार एकर कोरडवाहू आहे, कार्ड केशरी आहे. गेल्या महिन्यात मामंजींच्या छातीत दुखलं. डॉक्टर म्हणाले, अँजिओग्राफी करून घ्या. घरात स्मार्टफोन नीट मलाच चालवता येतो, म्हणून आरोग्य विमा शोधायचं काम माझ्याकडं आलं. "सरकारी आरोग्य विमा" टाकलं, पहिलीच वेबसाइट उघडली, नाव-नंबर भरला. संध्याकाळपर्यंत अकरा फोन आले. एक जण रोज फोन करतो. म्हणतो, वर्षाला ३१,००० भरा, सरकारी योजना नुसती नावाला असते, आणि फॉर्मात बीपीचं लिहू नका. मग खऱ्या सरकारी साइटवर गेले तर तिथं "नो रेकॉर्ड". गावातला नेटवाला प्रत्येक कार्डाला ३०० मागतो. मामंजी म्हणतात मी सत्तरच्या वरचा आहे, मला आपोआप मिळतं. आधारवर मात्र जन्म १ जानेवारी १९६० आहे. माझं स्वतःचं नाव अजून माहेरच्या कार्डात आहे, जालना जिल्ह्यात मंठ्याकडं. मलाही पाळीचा त्रास आहे, पण ते राहू द्या. विमा घ्यावा का, आणि कुठला?

— एक सून, जि. परभणी

उत्तर:

आधी त्या ३१,००० चं बोलू, कारण सोयाबीनचे पैसे हातात आले की तुझे मालक ते भरून मोकळे होतील अशी मला भीती वाटते. भरू नका. निदान आत्ता तरी नाही. खाजगी पॉलिसीत आधीपासून असलेल्या आजाराला थांबायची मुदत असते. विमा नियामकानं २०२४ मध्ये ती जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली, पण तीन वर्षं म्हणजेसुद्धा तीन पावसाळे. मामंजींचं बीपी जुनं, छातीत दुखून गेलेलं, डॉक्टरनं तपासणी लिहून दिलेली. आज पॉलिसी घेतली तरी पुढच्या महिन्यातल्या हृदयाच्या उपचाराला तिचा उपयोग होणार नाही, हे त्या फोनवाल्यालाही ठाऊक आहे. म्हणूनच तो "बीपीचं लिहू नका" म्हणतो. न लिहिता पॉलिसी निघते, हप्ता घेतला जातो, आणि दाव्याच्या वेळी दवाखान्याचे जुने कागद निघाले की दावा फेटाळतात. त्या वेळी हा माणूस फोन उचलत नाही. तुझा नंबर डीएनडीत, म्हणजे जाहिरातीचे फोन नकोत असं सांगणाऱ्यांच्या यादीत घाल, १९०९ वर फोन किंवा मेसेज करून होतं. अकराचे दोन-तीन झाले तरी डोकं शांत होईल.

तू पहिल्यांदा उघडलीस ती साइट सरकारी नव्हतीच. शोधून जे वर येतं त्यात पैसे देऊन लावलेल्या जाहिराती असतात, शेजारी बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं. तिरंगा, अशोकस्तंभाच्या चित्रासारखं काहीतरी, "योजना" हा शब्द, एवढं असलं की आपण विश्वास ठेवतो. पत्त्याचा शेवट बघायचा. बहुतेक सरकारी साइटचा पत्ता "जीओव्ही डॉट इन" वर संपतो. मधे कुठंतरी "जीओव्ही" आहे आणि शेवटी "डॉट कॉम" आहे, तर ती सरकारी नव्हे.

आता खऱ्या साइटचं. तहसीलच्या पुरवठा शाखेत माझी नोकरी गेली, शेवटी अव्वल कारकून होऊन निवृत्त झाले. म्हणून तुला जे "नो रेकॉर्ड" दिसलं, त्याच्या मागची बाजू मला दिसते. दुकानात जाऊन साडी निवडावी तशी तू योजना निवडायला गेलीस. ती साइट तसं काही दाखवत नाही. ती फक्त विचारते की तुमचं घर आमच्या यादीत कुठल्या नावानं आहे. त्यामुळं तिथं शोधायचा असतो तो विमा नव्हे, आपलं नाव. आणि आपल्याकडं नाव म्हणजे काय गंमत असते! सासूबाई आधारवर रुक्मिणबाई, कार्डावर रुखमीनबाई, बँकेत नुसत्या रुक्मिणी. इंग्रजीत उतरताना त्याची आणखी चार रूपं होतात. संगणकाला या चार वेगळ्या बायका वाटतात.

खऱ्या सरकारी साइट दोन आहेत. त्यातली एक केंद्राची, आयुष्मान भारत या आरोग्य योजनेची. पत्ता बेनिफिशियरी डॉट एनएचए डॉट जीओव्ही डॉट इन. आत "बेनिफिशियरी" निवडून मोबाइलवर ओटीपी घ्यायचा, मग राज्य महाराष्ट्र, जिल्हा परभणी. पुढं कशानं शोधायचं ते विचारते. नावानं शोधायला जाऊ नकोस, तिथंच घोळ होतो. आधार क्रमांकानं शोध, किंवा कुटुंबाच्या क्रमांकाच्या रकान्यात रेशनकार्डाचा बारा अंकी आरसी नंबर टाकून बघ. कार्डावर छापलेला जुना नंबर वेगळा आणि ऑनलाइनचा बारा अंकी वेगळा, हे लक्षात घे. तो कार्डावर कुठं लिहिलेला नसला तर कंट्रोलवाल्याला, म्हणजे रेशन दुकानदाराला विचार. अंगठा घेतल्यावर जी पावती निघते तिच्यावरही तो असतो. घरातल्या प्रत्येकाच्या आधारनं वेगवेगळं शोधून बघ. मामंजी सापडत नाहीत आणि मालक सापडतात, असंही होतं.

तरीही "नो रेकॉर्ड" आलं तर? इथंच बहुतेक लोक हात टेकतात आणि एजंटाकडं जातात. आयुष्मान भारत २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली तेव्हा तिची यादी २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय सर्वेक्षणावरून घेतली होती. पुढं रेशनच्या याद्या जोडल्या गेल्या, पण अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंबांच्या. केशरी कार्डातही दोन जाती आहेत: काहींवर प्राधान्याचा शिक्का आहे, काहींवर नाही. तुमच्यावर शिक्का नसेल तर केंद्राच्या साइटवर तुम्ही न दिसणं साहजिक आहे.

पण त्याचा अर्थ तुम्हाला काहीच नाही असा होत नाही, बरं का. आपल्या राज्याची वेगळी योजना आहे, महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना. तुझे सासरे तिला अजून "राजीव गांधी" म्हणत असतील, कारण त्याच नावानं ती जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात मराठवाड्यातलं एकटं नांदेड होतं. नोव्हेंबर २०१३ पासून ती सगळीकडं आली, २०१७ मध्ये नाव बदललं, १ एप्रिल २०२० पासून आयुष्मानबरोबर जोडून चालते. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचा खर्च मिळायचा. जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं तो ५ लाख झाला आणि पिवळं, केशरी, पांढरं, सगळीच कार्डं आत घेतली. पांढऱ्या कार्डाचं आपल्याकडं फार अप्रूप वाटायचं कारण नाही. मराठवाड्याचे आठही जिल्हे शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांत मोडतात, त्यामुळं इथल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्याला सातबारा दाखवून आधीपासूनच यात येता येत होतं. कितीतरी जणांना ते कुणी सांगितलंच नाही. आमच्या टेबलाशी येऊन लोक कार्डाचा रंग बदलून मागत बसायचे.

म्हणजे तुमचं केशरी कार्ड आणि मामंजींचं आधार, एवढ्यावर राज्याच्या योजनेत उपचार होऊ शकतात. आयुष्मानचं कार्ड हातात असेल तर सोपं जातं, नसेल तर रेशनकार्ड न्यायचं. हे ५ लाख एका माणसाला नसून अख्ख्या कुटुंबाला मिळून वर्षाचे आहेत. दिरांचं नाव कार्डात असेल तर तेही त्यातच. जुना आजार आहे म्हणून इथं कुणी थांबवत नाही. उलट एक गोष्ट यात नाही: रोजच्या गोळ्या, नुसतं तपासून येणं. बीपीच्या, साखरेच्या गोळ्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठ. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत पैसे घेत नाहीत.

राज्याच्या साइटचा पत्ता जीवनदायी डॉट जीओव्ही डॉट इन, पण इंग्रजीत जीवनदायी लिहिताना "जी" ला डबल ई आणि शेवटच्या "यी" लाही डबल ई. तिथं तुला उपचारांची आणि दवाखान्यांची यादी मिळेल. ही दुसरी यादी नीट बघ. आमच्या घरात एकदा घाई झाली होती. माझ्या नणंदेच्या मालकांना छातीत कळ आली म्हणून शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं, दारावर योजनेचा फलक होता, म्हणून निर्धास्त होतो. आत गेल्यावर ४०,००० अनामत मागितली. भांडलो, शिव्या दिल्या, भरले. नंतर शांतपणे बघितलं तेव्हा कळलं, तो दवाखाना यादीत होता, पण हाडांच्या आणि मूत्रविकाराच्या उपचारांसाठी. हृदयासाठी नव्हता. दवाखाना योजनेत आहे एवढ्यानं भागत नाही, कुठल्या आजारासाठी आहे ते बघावं लागतं. मी आयुष्यभर याद्यांत काम केलेली बाई, आणि माझ्याच घरात कुणी यादी उघडून बघितली नाही.

म्हणून जिल्हा निवडताना शेजारी विभागही निवड, हृदयाचा. तिथं इंग्रजीत "कार्डिओलॉजी" असं येतं. आणि परभणीवर थांबू नकोस. योजना राज्यात कुठंही चालते. तुम्ही सेलूचे, स्टेशन हाताशी आहे. गाडीत बसलं की एका अंगाला परतूर, जालना, संभाजीनगर, दुसऱ्या अंगाला मानवत रोड, परभणी, नांदेड. मी तर म्हणेन, जिल्हा न बघता रूळ बघून शोध. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, नांदेडचं विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय, आणि या मार्गावरचे यादीतले खाजगी दवाखाने, सगळ्यांची नावं एका वहीत उतरव. दीर पुण्यात आहेत, म्हणजे राहायची सोय आहे, तर पुण्याची यादीही बघायला हरकत नाही. मात्र घरचं माणूस सोबत राहणार कोण, कापूस वेचणीच्या दिवसांत, हे तुम्हीच ठरवा.

नावं उतरवली की सरळ फोन लाव. राज्याच्या योजनेचा नंबर १५५३८८, आयुष्मानचा १४५५५. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र म्हणून एक जण बसतो, बहुतेक ठिकाणी दारातून आत गेल्यागेल्या त्याचं टेबल असतं. अँजिओप्लास्टी आणि बायपास योजनेत बसतात. पण तपासणीला लागणारा खर्च कसा धरतात, रिकामी खाट कधी मिळेल, मंजुरीला किती दिवस लागतात, हे मामंजींना घेऊन जायच्या आधी त्यालाच विचार. जाताना रेशनकार्ड, सगळ्यांची आधार, आणि डॉक्टरनं लिहून दिलेली चिठ्ठी मूळ प्रतीत ने. झेरॉक्सवर काम अडतं. पण देव न करो, रात्री-अपरात्री पुन्हा कळ आली, तर यादी शोधत बसू नका. जवळचा दवाखाना गाठा, १०८ ला फोन करा. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून मंजुरीची सोय असते, कागद मागून देता येतात.

नेटवाल्याच्या ३०० चं: आयुष्मानच्या कार्डाला सरकारची फी नाही. त्याच साइटवर किंवा आयुष्मान ॲपवर तू घरबसल्या केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी करू शकतेस. आधारला मोबाइल जोडलेला असला तर ओटीपीनं होतं, नसला तर चेहरा दाखवून होतं. म्हाताऱ्या माणसांचे अंगठे उमटत नाहीत, आयुष्यभर माती आणि कापसाची बोंडं हाताळून रेषा झिजलेल्या असतात. म्हणून चेहऱ्याचा पर्याय आधी करून बघ. गावची आशाताईही हे करून देते. तिला विचारायला लाजू नकोस.

आता मामंजींचं वय. ते म्हणतात ते खरं असेल. त्यांना विचार, बहात्तरच्या दुष्काळात काय करत होता? खडी फोडायला जात होतो म्हणाले तर ते आज बहुतेक सत्तरीच्या पुढचेच. आपल्याकडच्या त्या पिढीचा जन्म दुष्काळावरून, पुरावरून, फार तर पोलीस ॲक्शनवरून मोजायचा, आणि आधार काढायला आलेल्या पोरानं अंदाजे वर्ष विचारून १ जानेवारी टाकून दिली. शाळेत गेलेले असते तर १ जून लागली असती. पण सत्तरच्या पुढच्यांसाठीची आयुष्मानचीच वय वंदना ही सोय, जी ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाली आणि जिच्यात उत्पन्न विचारत नाहीत, ती वय बघते ते आधारवरचंच. आधारवर १९६० असेल तर २०३० पर्यंत साइट त्यांना घेणार नाही, त्यांनी कितीही दुष्काळ सांगितले तरी.

बदलून घ्यावं का? कागद असेल तर जरूर. दोन-चार इयत्ता शिकले असतील तर शाळेतून प्रवेश-निर्गम उतारा काढा, आणि तो घेऊन आधार केंद्रावर जा. कुठले कागद चालतात याची यादी तिथं लावलेली असते. जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, म्हणून पहिल्यांदाच बरोबर करा. कुणी म्हणालं की मी दाखला "करून" देतो, तर त्याच्या नादी लागू नका. आणि हे काम अँजिओग्राफीच्या आड येऊ देऊ नका. मामंजी केशरी कार्डावर आजही योजनेत आहेतच. वय वंदनाचा फायदा एवढा की घरातल्या सत्तरच्या पुढच्या माणसांना घरच्या ५ लाखांत वाटेकरी न होता मिळून वेगळे ५ लाख मिळतात. ते मागून आले तरी चालेल.

खाजगी पॉलिसी मुळातच वाईट, असं मी म्हणत नाही. तू आणि मालक तरुण आहात, लेकरं लहान आहेत. मामंजींचं मार्गी लागल्यावर तुम्हा चौघांची घ्यायची असेल तर घ्या. तरुण माणसाचा हप्ता कमी बसतो, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला आहे. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत वाचून परत करता येते. दावा अडला तर आधी कंपनीकडं, मग विमा नियामकाच्या बिमा भरोसा साइटवर किंवा १५५२५५ वर तक्रार करता येते. आपल्या भागासाठी विमा लोकपालांचं कार्यालय पुण्याला आहे. आणि फॉर्म स्वतः भरा. एजंटाला भरू देऊ नका.

आता तू जे "राहू द्या" म्हणालीस, ते.

तुझं सगळं पत्र सासऱ्यांवर आहे, आणि ते बरोबरच आहे. पण मी कारकून बाई, मला रकाने दिसतात. घरातली बाकी सगळी माणसं तू त्या साइटवर शोधलीस, तुझं नाव मात्र सेलूच्या कार्डात नाहीच. उद्या तुला दवाखान्यात टाकायची वेळ आली तर आरोग्यमित्र विचारणार, हिचं नाव कुठंय? माहेरचं कार्ड आणायला मंठ्याला माणूस पाठवायचा का? शिवाय ते कार्ड तुझ्या वडिलांच्या घराचं, त्याचे ५ लाख तिकडच्या माणसांचे. तुझी लेकरं या कार्डात, तू त्या कार्डात. लग्न होऊन किती वर्षं झाली ते तू लिहिलं नाहीस, पण दोन लेकरं म्हणजे झालीच असतील सहा-सात. माझ्या टेबलापुढं अशा सुनांचे अर्ज यायचे ते नेहमी कशासाठी तरी यायचे: घरकुल आलं म्हणून, कुणाला तरी अनुदान हवं म्हणून. बाईला स्वतःला हवं म्हणून आलेला अर्ज माझ्या आठवणीत फार थोडा.

काम अवघड नाही. आधी मंठा तहसीलच्या पुरवठा शाखेत तुझं नाव कमी करायचा अर्ज. वडिलांचं कार्ड, तुझं आधार लागेल. नाव कमी केल्याचा दाखला मिळतो. मग तो दाखला, लग्नाचं प्रमाणपत्र आणि सासरचं कार्ड घेऊन सेलूला नाव वाढवायचा अर्ज. जिल्हा बदलतो म्हणून थोडा वेळ जास्त लागतो, पण आता हे ऑनलाइनही भरता येतं. आधारवर अजून माहेरचं आडनाव असेल तर तेही आधी बदलून घे, नसता रुक्मिणबाईंसारखी तुझीही दोन रूपं होतील.

आणि पाळीचा त्रास राहू द्यायचा नाही. उपजिल्हा रुग्णालयात बाईमाणूस डॉक्टर कुठल्या वारी असते ते आशाताईला विचार आणि दाखवून ये, त्याला आत्ता कार्डही लागत नाही. कुणी पहिल्याच भेटीत "पिशवी काढून टाका, योजनेत बसवतो" म्हणालं, तर उठून ये आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखव. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायांच्या काढलेल्या गर्भपिशव्यांवरून चौकशी समिती बसली होती, ती काही उगाच नव्हती. एकोणतिसाव्या वर्षी पिशवी काढणं ही सहज सांगायची गोष्ट नव्हे.

मामंजींचे कागद घेऊन तुम्ही निघालच. त्याच्या आधीच्या आठवड्यात एक दिवस माहेरी जाऊन ये, सोमवार ते शुक्रवारमधला धर, शनिवार-रविवार तहसील बंद असतं. सासूबाईंना सांग, मी सांगितलंय. दाखला मिळाला की त्याच्या तीन झेरॉक्स काढ. मूळ प्रत सेलूच्या अर्जाला लाव, आणि ती देताना पोच घ्यायला विसरू नकोस.